शांता आपटे : ‘कुंकू’तील नीरा आणि नकाराचा चरित्रपट

मराठी बोलपटाच्या पहिल्या दशकाचा इतिहास मुख्यतः चित्रसंस्थांचा आणि दिग्दर्शकांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. त्या इतिहासात नटीला स्थान मिळते ते रूप, आवाज आणि लोकप्रियता या तीन खात्यांत. शांता आपटे यांच्या वाट्याला यांखेरीज एक चौथे खाते आले, ते म्हणजे तापटपणाचे. ‘कुंकू’ या १९३७ च्या चित्रपटात जरठ पतीला नाकारणारी नीरा त्यांनी उभी केली आणि पुढे स्वतःच्या व्यावसायिक जीवनातही त्यांनी मोठ्या संस्थेला नकार दिला. या दोन नकारांची सांगड आजवर प्रायः स्वभावविशेषाच्या पातळीवर घातली गेली. वस्तुतः दोन्ही ठिकाणी प्रश्न सत्तेचा होता. स्त्रीच्या देहावर, श्रमावर आणि वेळेवर कोणाचा अधिकार, आणि तो अधिकार नाकारल्यावर तिला मोकळे करण्याची किल्ली कोणाच्या हाती, हा तो प्रश्न होय. शांताबाईंचे चरित्र या अंगाने पाहिल्यास ‘कुंकू’ या माध्यमांतराचा अर्थही अधिक स्पष्ट होतो.

शांताबाईंचा जन्म १९१६ साली दुधनी येथे झाला. दुधनी हे सोलापूरच्या बाजूचे, मराठी आणि कानडी यांच्या सीमेवरचे गाव. गाण्याचे संस्कार घरातूनच मिळाले आणि पंढरपूरच्या संगीत विद्यालयात शिक्षण झाले. गणेशोत्सवाच्या मेळ्यांचा आणि जाहीर गाण्याचा तो काळ असल्यामुळे मध्यमवर्गीय ब्राह्मण घरातील मुलीला लोकांसमोर गाण्याची संधी तेथे काही प्रमाणात मिळत असे. मात्र तेथून बोलपटाच्या पडद्यावर जाणे ही निराळीच गोष्ट होती. त्या मार्गावर त्यांना आणले ते कडक शिस्तीचे थोरले बंधू बाबूराव आपटे यांनी. भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’ (१९३२) मध्ये त्या राधा झाल्या. कृष्णाच्या भूमिकेत शाहू मोडक होते. दोघेही कोवळ्या वयाचे होते, आणि चित्रपटाच्या मोठ्या यशात त्या कोवळेपणाचा वाटा होता.

‘प्रभात’ संस्था १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झाली आणि १९३३ मध्ये पुण्यास आली. ‘अमृतमंथन’ (१९३४) हा तिचा पुण्यातील आरंभीचा महत्त्वाचा चित्रपट, आणि शांताबाईंचा ‘प्रभात’मधील प्रवेशही याच चित्रपटातून झाला. त्याची कथा नारायण हरी आपटे यांच्या ‘भाग्यश्री’ या कादंबरीवर आधारलेली होती. येथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण विद्यार्थ्यांच्या लेखनात हा घोटाळा वरचेवर आढळतो. ‘पण लक्षांत कोण घेतो?’चे कर्ते हरी नारायण आपटे (१८६४–१९१९) वेगळे आणि नारायण हरी आपटे (१८८९–१९७१) वेगळे. हरिभाऊंना वाङ्मयेतिहासात अढळ स्थान मिळाले. नाथमाधवांप्रमाणेच ना. ह. आपटे मात्र लोकप्रिय आणि बोधवादी कादंबरीकार या सदरात टाकले जाऊन मागे पडले. ‘प्रभात’च्या दोन श्रेष्ठ कृतींना त्यांच्या कादंबऱ्यांनी आधार दिला, एवढी एकच बाब त्यांच्या पुनर्विचारास पुरेशी आहे.

‘अमृतमंथन’मध्ये शांताबाई नायिका नव्हत्या, नायकाची बहीण होत्या. तरीही प्रेक्षकांच्या मनावर ठसा उमटला तो त्यांचा. याचे कारण गाण्यात होते. तोपर्यंत पडद्यावरील गाणे हे संगीत रंगभूमीच्या धर्तीवर स्थिर उभे राहून, समोर पाहून म्हणण्याची गोष्ट होती. केशवराव भोळे यांच्या तालमीत शांताबाईंनी ते हलते केले. मान, हात, डोळे आणि शब्द एकाच वेळी बोलू लागले. पार्श्वगायन रूढ होण्यापूर्वीच्या या काळात गाणारा गळा आणि दिसणारा देह एकाच व्यक्तीचे असत. त्यामुळे गाण्यातील आवेश हा भूमिकेचा नसून त्या मुलीचाच आहे, असा समज सहज होई. पुढे ‘अमरज्योती’ आणि ‘राजपूत रमणी’ (दोन्ही १९३६) यांतूनही त्यांची ओळख पक्की होत गेली.

‘न पटणारी गोष्ट’ ही ना. ह. आपटे यांची कादंबरी १९२३ सालची. जरठकुमारी विवाहाचा विषय मराठीला नवा नव्हता. देवलांच्या ‘शारदे’ने (१८९९) तो घरोघरी पोहोचवला होता. पण ‘शारदे’त विवाह घडत नाही, ऐन वेळी तो मोडतो. नाटकाचा सारा ताण विवाह टळणार की नाही, यावर उभा आहे. आपट्यांच्या कथावस्तूत विवाह होऊन जातो आणि खरा प्रश्न तेथून पुढे सुरू होतो. लग्न लागल्यानंतर मुलीने नकार द्यावा तो कोणत्या आधारावर, आणि तो नकार टिकवावा तो किती दिवस? कादंबरीपासून चित्रपटापर्यंत शीर्षकाचा झालेला प्रवासही अभ्यासण्याजोगा आहे. कादंबरीच्या नावात ‘न पटणे’ ही क्रिया आहे, म्हणजे नकार शीर्षकातच उभा आहे. मराठी चित्रपटाच्या नावात तो लोपतो आणि त्याच्या जागी पतीच्या स्वामित्वाचे चिन्ह येते. हिंदी आवृत्तीच्या ‘दुनिया न माने’ या नावात नकार पुन्हा येतो, परंतु त्याचा कर्ता बदललेला असतो. आता न मानणारी स्त्री नसून जग आहे. तीन नावांतून एकाच कथेतील सत्तेची तीन केंद्रे दिसतात.

चित्रपटाची कथा थोडक्यात अशी. अनाथ नीरेला पैशाच्या लोभाने तिचे नातलग फसवून काकासाहेब या विधुर वकिलाच्या गळ्यात बांधतात. काकासाहेबांना नीरेच्याच वयाची मुले आहेत. नीरा त्यांच्या घरात राहते, पण पत्नीपण नाकारते. दुःख सोसता येईल, अन्याय सोसणार नाही, ही तिची भूमिका आहे. घरातील वडीलधारी बाई तिचा छळ करते आणि सावत्र मुलगा तिच्याकडे वाईट नजरेने पाहतो. काकासाहेबांची विधवा आणि समाजकार्य करणारी मुलगी मात्र तिच्या बाजूने उभी राहते. ही भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली. त्या प्रत्यक्ष जीवनातही संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या कार्यकर्त्या होत्या. अखेर काकासाहेबांना आपली चूक उमगते, ते आत्महत्या करतात, आणि नीरेने अनुरूप पुरुषाशी विवाह करावा अशी इच्छा पत्रातून मागे ठेवतात.

या चित्रपटातील पौरुषाची मांडणी एकेरी नाही. काकासाहेब खलपुरुष असते तर नीरेचा लढा सोपा झाला असता आणि चित्रपट सामान्य झाला असता. ते सुशिक्षित आहेत, सुधारकी वळणाचे आहेत, घरात आणि बाहेर मान राखून आहेत. त्यांची सत्ता आरडाओरडा करीत नाही. ती घराच्या रचनेतच मुरलेली आहे. नीरेचा नकार ज्या ठिकाणी घाव घालतो ते ठिकाण मात्र अत्यंत खाजगी आहे. वय झाकण्याची धडपड करणारा, आरशासमोर उभा असलेला हा पुरुष आणि भिंतीवरचे जुने घड्याळ यांच्या प्रतिमा शांतारामांनी योजल्या आहेत. कादंबरीकाराला जे निवेदनातून सांगावे लागते ते येथे एक वस्तू सांगते. घड्याळाची टिकटिक काकासाहेबांच्या वयाची मोजदाद करीत राहते. या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही, केवळ स्वाभाविक ध्वनी आहेत, हे सर्वश्रुत आहे. त्याचा परिणाम असा की काकासाहेबांच्या दुःखाला संगीताचा आधार मिळत नाही आणि नीरेच्या अबोल्यालाही मिळत नाही. शांततेत दोघे समोरासमोर येतात. कायदा, वय, पैसा, रूढी हे सारे ज्याच्या बाजूने आहे तो पुरुष त्या शांततेत दुबळा ठरतो.

काकासाहेबांची भूमिका केशवराव दाते यांनी केली. ‘अमृतमंथन’च्या मराठी आवृत्तीत राजगुरूही त्यांनीच साकारला होता. धर्मसत्तेचा उग्र प्रतिनिधी आणि कुटुंबसत्तेचा सौम्य प्रतिनिधी, या दोन्ही भूमिका एकाच नटाकडे याव्यात हे बोलके आहे. दाते तरुणपणी रंगभूमीवर स्त्रीभूमिकांसाठी प्रसिद्ध होते, ही गोष्टही येथे नजरेआड करता येत नाही. ज्या रंगभूमीवर पुरुष स्त्री होऊन स्त्रीचे दुःख मांडीत होता, त्या परंपरेतील एक थोर नट येथे पुरुषाच्या भूमिकेत, प्रत्यक्ष स्त्रीकडून नकार ऐकत उभा आहे. मराठी अभिनयाच्या इतिहासातील एक स्थित्यंतर या दोघांच्या समोरासमोर येण्यात साठलेले आहे.

आणि समोर शांताबाई होत्या. त्यांचे वय त्या वेळी विशीच्या आतबाहेर होते. नीरा रडत नाही, असे नाही. पण तिचे रडणे कोणाकडे काही मागत नाही. छडी उगारून ती सावत्र मुलाला चोपते तेव्हा तिच्या हातात क्षणभर घरातील पुरुषाची सत्ता येते. लाँगफेलोची इंग्रजी कविता ती गाते तेव्हा घराबाहेरचे जग आपल्यालाही माहीत आहे, हे ती घराला ऐकवते. त्या काळच्या मराठी नायिकेच्या तोंडी इंग्रजी कविता येणे हे धाडस होते. ते विक्षिप्त वाटले नाही, याचे श्रेय शांताबाईंच्या गाण्याच्या ढंगाला द्यावे लागते. कादंबरीतील नकार विचारातून पटवावा लागतो. पडद्यावर तो मानेच्या एका झटक्यात, न थांबता चालू राहणाऱ्या पावलांत आणि आवाजाच्या धारेत पटतो. माध्यमांतरात या कथेला जे नवे मिळाले ते प्रामुख्याने या देहातून मिळाले. दिग्दर्शकाच्या प्रतिमायोजनेचे विवेचन करताना समीक्षेने याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

चित्रपटाचा शेवट मात्र आजच्या वाचकाला खटकतो. नीरेच्या नकाराचे फळ तिला तिच्या हाताने मिळत नाही, ते काकासाहेबांच्या त्यागातून मिळते. मृत्यूने ते उदात्त होतात आणि प्रेक्षकाची सहानुभूती शेवटच्या भागात त्यांच्याकडे वळते. तिने पुनर्विवाह करावा हा उपदेशही त्यांचाच आहे, म्हणजे पतीची अखेरची आज्ञा म्हणूनच तिचे स्वातंत्र्य तिच्या हाती पडते. ही टीका योग्य असली तरी ती करताना १९३७ चा कायदा समोर ठेवला पाहिजे. रूढीने काडीमोड मान्य असलेल्या जाती सोडल्या, तर ब्रिटिश हिंदुस्थानात हिंदू स्त्रीला घटस्फोट उपलब्ध नव्हता. बडोदे संस्थानाने १९३१ मध्ये तो दिला, मुंबई प्रांतात तो १९४७ च्या कायद्याने आला आणि देशभर १९५५ मध्ये. उलट पतीला वैवाहिक हक्कांच्या प्रस्थापनेचा दावा लावता येत असे. रखमाबाईंवर दादाजी भिकाजींनी १८८४ मध्ये लावलेला दावा आणि १८८७ मध्ये तिच्यापुढे ठेवला गेलेला तुरुंगवासाचा पर्याय महाराष्ट्राच्या स्मरणात होता. काकासाहेब वकील आहेत, हा तपशील या पार्श्वभूमीवर साधा राहत नाही. विधवाविवाह मात्र १८५६ पासून कायदेशीर होता. तेव्हा नीरेसारख्या स्त्रीला सुटकेचा जो एकमेव कायदेशीर मार्ग होता तो पतीच्या मृत्यूतून जाणारा होता. कथेने काकासाहेबांना मारले ते केवळ भावविवशतेपोटी नव्हे. कायद्याने ठेवलेली ती एकच फट होती. अर्थात त्या फटीतून जाताना सारा प्रकाश पतीवर पडेल अशी रचना करणे ही लेखक-दिग्दर्शकांची निवड होती, आणि त्या निवडीत त्यांच्या पुरुषपणाचा वाटा नाकारता येणार नाही.

‘कुंकू’नंतर ‘गोपाळकृष्ण’ (१९३८) हा ‘प्रभात’मधील शांताबाईंचा आणखी एक लोकप्रिय चित्रपट आला. त्या आता अखिल भारतीय कीर्तीच्या नटी होत्या, आणि तरीही संस्थेच्या मासिक वेतनावरील नोकर होत्या. ‘प्रभात’ची शिस्त प्रसिद्ध होती. काम असो वा नसो, करारबद्ध कलावंताने संस्थेत हजर असावे आणि बाहेर काम करू नये, हे त्या व्यवस्थेचे स्वरूप होते. चित्रसंस्था म्हणजे कुटुंब, असे तेव्हा अभिमानाने म्हटले जाई. कुटुंब म्हटले की कर्ता पुरुष आलाच. काकासाहेबांच्या घरात अन्याय ओळखणारी मुलगी निर्माण करणाऱ्या संस्थेला स्वतःच्या घरातील तशीच मुलगी ओळखता आली नाही.

१९३९ साली वेतन आणि करार यांच्या वादातून शांताबाई ‘प्रभात’च्या फाटकाशी उपोषणास बसल्या. त्याच वर्षी मार्च महिन्यात गांधीजींनी राजकोट येथे उपवास केला होता, तेव्हा हे साधन लोकांना अनोळखी नव्हते. परंतु एका नटीने आपल्या मालकांविरुद्ध ते वापरावे, ही घटना अभूतपूर्व होती. नीरेच्या नकाराशी तिचे साम्य उघड आहे. दोन्हींत हिंसा नाही, पळून जाणे नाही. ज्या जागेने बांधले त्याच जागेत राहून सहकार्य थांबवणे आहे. पण भेदही तितकाच महत्त्वाचा आहे. येथे कोणाचे हृदयपरिवर्तन होऊन पत्र मागे ठेवले गेले नाही. शांताबाई ‘प्रभात’मधून बाहेर पडल्या त्या कोणाच्या त्यागाने नव्हे, स्वतःच्या हट्टाने, आणि त्याची किंमतही त्यांनीच मोजली. ‘कुंकू’ला जो शेवट सुचला नाही तो या फाटकाशी घडला, असे म्हणावयास हरकत नाही.

समकालीनांनी मात्र या घटनेकडे श्रम-वाद म्हणून पाहिले नाही. नटीचा लहरीपणा हेच तिचे स्पष्टीकरण सोयीचे वाटले. याच सुमारास आणखी एक कथा चित्रसृष्टीत फिरू लागली आणि आजही फिरते. ‘फिल्मइंडिया’चे संपादक बाबूराव पटेल यांना त्यांच्या कचेरीत जाऊन शांताबाईंनी छडीने मारले, अशी ती कथा. तिचे खरेखोटेपण येथे महत्त्वाचे नाही, तिची घडण महत्त्वाची आहे. सावत्र मुलाला छडीने मारणारी नीरा प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर होती, आणि लोकांनी ती छडी पडद्यावरून उचलून नटीच्या हातात दिली. वरकरणी हा गौरव आहे. पण त्यामुळे शांताबाईंच्या विचारपूर्वक केलेल्या कृतीही भूमिकेच्या आवेशात जमा झाल्या.

त्या विचारपूर्वक होत्या याचा पुरावा त्यांनी स्वतःच मागे ठेवला आहे. ‘जाऊ मी सिनेमात?’ हे त्यांचे पुस्तक १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. आत्मकथन म्हणून त्याची नोंद होते, परंतु त्याचा पिंड आत्मपर आठवणींपेक्षा चित्रव्यवसायाच्या चिकित्सेचा आहे. नट-नटींचे श्रम, त्यांचे वेतन, भांडवलदाराचा नफा आणि कलावंताची असुरक्षितता यांचा विचार त्यात आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे भाग प्रसिद्ध होऊन नुकतीच काही वर्षे झाली होती आणि मराठी स्त्री-आत्मकथनाची परंपरा भरास येत होती. त्या परंपरेचा अभ्यास करताना या पुस्तकाला सहसा जागा दिली जात नाही, कारण ते घर-संसाराविषयी नाही. मराठी स्त्रीने आपल्या व्यवसायाचे अर्थकारण मांडण्याचा तो आरंभीचा प्रयत्न आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी सोडून दिलेले हे पुस्तक एकविसाव्या शतकात चित्रपट-अभ्यासकांनी श्रमाच्या इतिहासाचे साधन म्हणून पुन्हा हाती घेतले.

‘प्रभात’नंतरची कारकीर्द लांब आहे आणि विखुरलेली आहे. १९४१ मध्ये वाय. व्ही. राव यांच्या तमिळ ‘सावित्री’त त्यांनी सावित्रीची भूमिका केली, त्यासाठी तमिळ आत्मसात केले. याच चित्रपटात एम. एस. सुब्बुलक्ष्मी नारद झाल्या होत्या. पतीला मृत्यूपासून परत आणणारी सावित्री आणि पतीच्या मृत्यूनेच मोकळी होणारी नीरा या दोन भूमिका चार वर्षांच्या अंतराने एकाच नटीने कराव्यात, हा योगायोग व्यवसायाच्या गरजेतून आला असला तरी अर्थपूर्ण आहे. लाहोरच्या पांचोलींचा ‘जमीनदार’ (१९४२), देवकी बोस यांचा ‘अपना घर’ (१९४२) व त्याची मराठी आवृत्ती, ‘रणांगण’कार विश्राम बेडेकरांचा ‘दुहाई’ (१९४३), मास्टर विनायकांचा ‘सुभद्रा’ (१९४६) अशी त्यांची वाटचाल झाली. ‘सुभद्रा’त त्यांच्यासोबत गाणारी तरुण मुलगी लता मंगेशकर होती. लवकरच पार्श्वगायनाने गळा आणि देह यांची फारकत केली, आणि शांताबाईंचे जे वैशिष्ट्य होते त्याचीच व्यवसायाला गरज उरली नाही.

१९४९ मध्ये त्यांचे ‘स्वयंसिद्धा’ आणि ‘मैं अबला नहीं हूँ’ हे चित्रपट आले. पडद्यावरच्या आणि पडद्याबाहेरच्या प्रतिमेचा निर्मात्यांनी शीर्षकासाठी केलेला हा उपयोग होता. १९५१ च्या मराठी चित्रपटाचे नाव ‘कुंकवाचा धनी’ होते. मध्यंतरी हैदराबादपासून लाहोरपर्यंत पसरलेला त्यांचा प्रेक्षक फाळणीने तुटला होता, आणि पुण्याची ‘प्रभात’ही बंद पडण्याच्या वाटेवर होती. पन्नाशीच्या दशकात दुय्यम पौराणिक चित्रपट उरले. शेवटचे काम १९५८ च्या सुमाराचे. ‘प्रभात’च्या ज्या फाटकाशी त्या उपोषणास बसल्या त्याच्या आत १९६० साली केंद्र सरकारची चित्रपट-शिक्षणसंस्था सुरू झाली आणि ‘कुंकू’ तेथील अभ्यासाचा विषय झाला. २४ फेब्रुवारी १९६४ रोजी मुंबईत शांताबाईंचे निधन झाले. तेव्हा केशवराव दाते, ना. ह. आपटे आणि शांताराम हे ‘कुंकू’चे तिन्ही पुरुष हयात होते.